फाटकापर्यंतची फौजदारी

माझ्या मुलीचे बिऱ्हाड जर्मनीत, कायझरस्लाउटर्न या गावी आहे. या नावापुढे अमेरिकन सैनिकांनीही हात टेकले आणि त्याचे सरळ ‘के-टाउन’ करून टाकले! तिच्या खालच्या मजल्यावर त्यांच्या छावणीतला एक तरुण लष्करी पोलीस राहतो.

कमरेला पिस्तूल आहे, ऐट आहे. पण फौजदारी फाटकापर्यंतच. 1951 च्या नाटो कराराप्रमाणे छावणीबाहेर गस्त घालायची ती जर्मन अधिकाऱ्यांशी ठरवून, आणि तीही आपल्याच सैनिकांच्या शिस्तीपुरती. शेजारच्या जर्मन आजीबाईंनी दटावले, की हे महाशय निमूटपणे आपली गाडी हलवतात.

बर्लिनच्या चेकपॉइंट चार्लीवर 1990 पर्यंत याच्याच दलाचे शिपाई उभे असत. साऱ्या जगाचे डोळे तिकडे. याच्या वाट्याला येते शनिवारची रात्र. अमेरिकेत एकविशीपूर्वी बिअर विकत मिळत नाही, जर्मनीत सोळाव्या वर्षी मिळते. मग घरापासून हजारो मैल दूर आलेली एकोणीस वर्षांची पोरे पितात, रडतात, गाडी हाकतात.

“सर्वांत अवघड काय?” मी विचारले.

“जेवण,” तो म्हणाला. रात्री ज्याला बेड्या घातल्या, तोच दुपारी भोजनगृहाच्या रांगेत पुढे उभा. हा टेबलाशी बसला, की गप्पा थांबतात.

पाडव्याला मुलीने त्याला फराळाला बोलावले. “आणखी कोण येणार?” त्याने आधी विचारून घेतले. आला तो साध्या सदऱ्यात. चकल्यांचा डबा त्याने रिकामा केला आणि अकरा वाजेपर्यंत आपल्या आईविषयी बोलत बसला.