दोर आधी घ्यावा लागतो

आमच्या आंजीत (मोठी) डोंगर नाहीत. कपाशी, तूर, सोयाबीन आणि धाम नदी. नदीत कुणी बुडाले की ढीवर बांधव बुड्या मारून शोधतात. मोबदल्याचा विषय निघत नाही. त्यामुळे 'रेस्क्यू टीम' हा शब्द मी फक्त बातम्यांत ऐकला होता.

मग एका पावसाळ्यात पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा लोणावळ्याकडच्या डोंगरात धुक्यात वाट चुकला. मोबाईल बंद. आपा रात्रभर मुसल्ल्यावरून उठली नाही. पहाटे फोन आला, "सापडला. पाय मुरगळलाय, बाकी ठीक आहे."

शोधणारे सरकारी नोकर नव्हते. कुणी दुकानदार, कुणी कॉलेजचा पोरगा. भाऊजींनी पैसे पुढे केले तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्हाला नको. द्यायचेच तर संस्थेला द्या, दोर घ्यायचाय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. दोर न वापरताही म्हातारा होतो; बनवणाऱ्या कंपन्या साधारण दहा वर्षांची मर्यादा सांगतात. मोठा झटका बसला तर त्याआधीच बाद करावा लागतो. शिवाय स्ट्रेचर, हेल्मेट, गाडीचे डिझेल.

लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स ही अशीच स्वयंसेवकांची पथके. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस जण गेले. त्यांचे मृतदेह वर आणायला स्थानिक ट्रेकर दरीत उतरले होते. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तिथे गाडीरस्ताच नव्हता. मदत पायी चढून गेली. मय्यत घरी आली नाही तर घरच्यांचे काय होते, हे मातीला गेलेल्या प्रत्येकाला कळेल.

मी मौलानांना विचारले, जकात चालेल का? ते म्हणाले, "हनफी मतानुसार जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. दोरासाठी ती नाही. पण सदका द्या, त्याला कोण अडवतो? त्या दोराने कोण वर येईल, त्याचा धर्म विचारायचा नसतो."

आता दर महिन्याला थोडे पैसे पाठवतो. आपण बहुतेक जण दुर्घटनेनंतर हळहळतो आणि तेव्हाच खिशात हात घालतो. पण त्या रात्री माझ्या भाच्यापर्यंत पोहोचलेला दोर कुणीतरी आधीच घेऊन ठेवला होता. तो कुणाच्या पैशांचा होता, आम्हाला माहीत नाही. अल्लाह त्याला बरकत देवो.