सोडलेला मासा जगतोच असं नाही

‘तळ्यांवरच्या सहलीची आखणी’ या विषयावर सोपं लिहा, असं संपादकांनी कळवलं. त्याच आठवड्यात जुलैत जाऊन आलेल्या एका गटाचे फोटो आले. मिनियापोलिसची मराठी मंडळी, आखणी माझी. प्रत्येकाच्या हातात वॉलआय जातीचा मासा आणि खाली मोठ्या कौतुकाने लिहिलेलं: ‘भर दुपारी, चाळीस फुटांवरून काढले. सगळे परत सोडले!’ ही ओळ तेव्हापासून मला छळते आहे.

मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंड्री वॉटर्स हे दहा लाख एकरांचं अरण्य आहे. हजारावर तळी, बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाचे परवाने मोजकेच मिळतात. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. हे वाचलं की लोक नकाशावर मैल मोजायला बसतात. मैल मोजू नका, खेपा मोजा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू खांद्यावर घेऊन चालायची वाट म्हणजे पोर्टेज. ती रॉडमध्ये मोजतात. रॉड साडेसोळा फुटांचा, ३२० रॉडचा एक मैल. सामान दोन खेपांत न्यायचं तर तीच वाट तीनदा तुडवावी लागते, म्हणजे ८० रॉडचा पाव मैल पाऊण मैल होतो. शिवाय मोठ्या तळ्यावर वारा उठला की काठावर थांबण्यावाचून इलाज नसतो. म्हणून चार-पाच दिवसांत एक दिवस मी मोकळा ठेवते. तो ‘फुकट जातो’ म्हणून वाद घालणारे दरवर्षी भेटतात. आता थकवा येतो त्याचा.

पण मुद्दा माशाचा. वॉलआयच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यामुळे तो हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. ट्राउटच्या पिशवीतून घशाकडे नळी जाते, त्यामुळे त्याला हवा सोडता येते. वॉलआयची पिशवी बंद. तिच्यातला वायू रक्तावाटेच, सावकाश कमी-जास्त होतो. ३३ फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटक्यात वर ओढला की तो वायू दुपटीने फुगू पाहतो, आतले अवयव दाबले जातात, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. गेला तरी पुढे मरू शकतो. सुई टोचून हवा काढावी, असं काही अनुभवी गळकरी सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. नवशिक्याच्या हातातली सुई आतड्यात किंवा यकृतात शिरते. मी ती कुणाच्याही सामानात ठेवत नाही. ‘पोहत गेला म्हणजे वाचला’ हा समज मात्र वर्षानुवर्षं हटत नाही.

म्हणून माझ्या आखणीत शिधा माशांवाचून पुरा असतो आणि गळ किती खोल टाकायचा, हे निघण्याआधीच ठरतं. वॉलआयचे डोळे अंधुक उजेडात उत्तम पाहतात. संध्याकाळी तो भक्ष्यासाठी उथळ, खडकाळ काठाशी येतो. सोडायचाच असेल तर तिथे, दहा-बारा फुटांत धरा आणि पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. तीस फुटांखालून काढलात, तर नियमात बसेल तो खा आणि जेवणापुरते मिळाले की गळ आवरा. फोटोसाठी खोल पाण्यात गळ टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.