कुरळ्या केसांचा मान

भंडारा जिल्ह्यात उभ्या धानाच्या बांधीत, जमिनीतील ओलीवर, उतेरा पद्धतीने जवस पेरतात. आमच्या दुकानातून ते चटणीसाठी नि तेलासाठीच जाई. आता माझी लेक त्याच जवसाने केस सांभाळते.

सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलीचे केस सरळ करून घ्यावेत’ अशी सूचना आली. लेकीने शांतपणे नकार दिला. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, हेही तिने समजावून सांगितले. तिला सत्तरच्या दशकातील भरघोस कुरळेपणच प्रिय आहे.

दोन मोठे चमचे जवस कपभर पाण्यात उकळून ती गरम असतानाच गाळते. तो बुळबुळीत रस ओल्या केसांना लावून बटा मुठीत हलकेच दाबते. वाळल्यावर मुळाशी बोटांनी केस उचलते. उलटा कंगवा न फिरवताही फुगवटा येतो. रस फार दिवस टिकत नाही, म्हणून लागेल तेवढाच करते. आंधळगावचा कोसा प्रसिद्ध असला तरी उशीला सुती सॅटिनचा अभ्रा घालते. रेशमासाठी कोशातील जीव जातो.

पुढील बैठकीला ती केस मोकळे सोडूनच बसेल. मी तिच्या शेजारी असेन.