मथळ्यातला शब्द

वैरागच्या बाजारात आज्जी माझा हात सोडायची नाही. पैशाची चंची कमरेला खोचलेली, वरून पदर घट्ट आवळलेला. "गर्दीत भामटं असत्यात, ध्यान ठेव," म्हणायची. भामटा कसा दिसतो ते मी भाजीवाल्यांपासून बांगडीवाल्यांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून शोधायचो.

दहावीनंतर जातीचा दाखला आणायला एका मित्राबरोबर बार्शीच्या कचेरीत गेलो. सात वर्षं आम्ही एका बाकावर बसलेलो. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: राजपूत भामटा. मी वाचतोय हे दिसताच त्यानं कागदाची घडी घातली. एसटीत वैराग येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

तेव्हापासून 'भामटा', 'ठग' अशा शब्दांच्या मागे लागलो. पुढे नळदुर्गात अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलरनं १८३९ साली ठगांवर 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. तिच्यातला अमीर अली विलायतेत घरोघर पोचला. आपला 'ठग' इंग्रजीत कायमचा राहिला. आज तिकडे कुठल्याही गुंडाला तोच शब्द लावतात. पण त्या काळात साहेबाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: ठगी बापाकडून लेकाकडे जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तीच समजूत अख्ख्या जमातींवर लादली. पोलिसांत हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या भागाला सोलापूरकर अजूनही 'सेटलमेंट'च म्हणतात.

१९५२ साली कायदा गेला. कुंपणही गेलं. त्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जातींच्या सरकारी यादीत 'भामटा' हे जातीचं नाव म्हणून आहे, आणि आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ फसवणारा. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या जमातीला हिणवणारा 'उचल्या' हाच शब्द आत्मकथेच्या मुखपृष्ठावर ठेवला. ते धाडस मला फार मोठं वाटतं. पण ते ज्याच्या अंगाला तो शब्द चिकटला त्यानं करायचं. आम्ही तो सहज वापरतो त्याचं काय?

मीही वापरला. वार्ताहर झालो तेव्हा पहिल्याच वर्षी बातमी पाठवली, 'भामट्याने वृद्धेचे गंठण लांबवले'. आठवड्यानं तोच मित्र स्टँडवरच्या हॉटेलात भेटला. चहा सांगितला, पेपर उघडून माझ्यासमोर ठेवला आणि मथळ्यातल्या त्या शब्दावर बोट टेकवलं. बोलला काहीच नाही. चहा गार झाला.

त्यानंतर मी दरवेळी 'चोरटा' लिहू लागलो. परवा बसस्टँडवरच्या चोरीची बातमी पाठवली, दोनदा तपासून. सकाळी पेपर उघडला. खाली मजकुरात माझा 'चोरटा' होता. वर, ठळक अक्षरांत, कुणीतरी पुन्हा 'भामटा' घातला होता.