सिएनातील सायंभोजन

इटलीस जाण्याचा योग आला तर सिएना पाहायचेच, हे मी बँकेच्या सेवेत असतानाच ठरवून ठेवले होते. १४७२ मध्ये स्थापन झालेली तेथील ‘मोंते देई पास्की’ ही आजही चालू असलेली जगातील सर्वांत जुनी बँक मानली जाते. गरजूंना माफक व्याजाने कर्ज देणे हा तिचा मूळ उद्देश. ‘बँक’ हा शब्दच मुळी ‘बांको’, म्हणजे सराफाचे बाकडे, यावरून आलेला. आपण व्यापारी मंडळी ज्या दुहेरी नोंद पद्धतीने वह्या लिहितो, तिचे पहिले छापील विवेचन १४९४ मध्ये करणारा लुका पाचोली हा साधूही याच तोस्काना प्रांतातला. तेव्हा गेल्या जूनमध्ये त्या बँकेच्या जुन्या दगडी वाड्यासमोर उभा राहिलो, तेव्हा तीर्थस्थानी आल्यासारखेच वाटले.

सोबत माझी नात होती. ती मिलानला वास्तुकला शिकते. निघताना सूनबाईंनी मला हळूच सांगितले होते, “बाबा, ती तिकडे नेमके काय खाते, एवढे पाहून या.” म्हणजे प्रवासाबरोबर तपासणीचे कामही माझ्याकडे होते.

जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि भोजनगृहे साडेसातला उघडतात. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची चिंता नव्हती. शिंपल्याच्या आकाराच्या, उतरत्या, विटांनी बांधलेल्या मुख्य चौकाच्या मागे एका अरुंद गल्लीत आम्ही शिरलो. तेथे एका कुटुंबाने चालवलेली ‘त्रात्तोरिया’ होती. आठ-दहा टेबले, त्यांवर जाड कागद अंथरलेला, आई स्वयंपाकघरात आणि मुलगा वाढायला. इटालियन जेवण क्रमाने येते. आधी तोंडी लावणे, मग पास्ता किंवा सूप, मग मुख्य पदार्थ व भाजी, शेवटी गोड. मात्र पहिल्या दोन पदार्थांवर थांबले तरी कोणी भुवया उंचावत नाही.

प्रथम पाव आला. तोस्कानाचा पाव अलोणा असतो. पहिला घास घेताच मला आयंबिलाची आठवण झाली. नातीला तसे म्हणताच ती हसली. “मलाही पहिल्या दिवशी तेच वाटले होते, आजोबा.”

मग तिने त्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणे सुरू केले. “सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला”, म्हणजे लसूण नको, कांदा नको. मला संकोच वाटला. परक्या घरी इतके प्रश्न का विचारावेत? पण त्या मुलाला राग आला नाही. तो आत जाऊन आईला विचारून आला. सूपच्या मुळाशी कांदा, गाजर आणि सेलरी परतून घातलेली असते, ती आता काढता येणार नाही. घेवडाही लसूण घालूनच शिजवला आहे. मात्र ‘पीची’ करून देता येईल. पीची म्हणजे हाताने वळलेल्या, शेवयांपेक्षा बऱ्याच जाड दोऱ्या, सिएनाची खासियत. अंडे घातले आहे का, हेही नातीने विचारले. त्या घरी फक्त पीठ, पाणी आणि थोडे ऑलिव्ह तेल वापरत होते. वर ताजे टोमॅटो आणि तुळशीच्या जातीची सुवासिक पाने घालून गरम वाफाळते ताट पुढे आले.

सोबत किसलेल्या चीजची वाटी होती. मी चमचा भरून घेतला, तोच नात म्हणाली, “आजोबा, थांबा. हे पार्मिज्जानो आहे.”

तिने सांगितले ते मला आजवर ठाऊक नव्हते. या चीजसाठी दूध साकळायला रेनेट वापरतात, आणि ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. या नावाने विकायचे तर तेच वापरावे, असा तेथील नियमच आहे. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. येथे तसा ठिपका नसतो, विचारावे लागते.

मी चमचा खाली ठेवला. सात वर्षांपूर्वी मी सहलीबरोबर युरोपात आलो होतो. तेव्हा रोज आवडीने चीज खाल्ले होते आणि परतल्यावर ‘परदेशातही आचार राखला’ असे चार लोकांत अभिमानाने सांगितलेही होते. आयुष्यभर कागदपत्रे तपासल्याशिवाय मी एकही कर्ज मंजूर केले नाही. ताटातल्या वस्तूची मात्र एकदाही चौकशी केली नव्हती.

थोड्या वेळाने नात खाली पाहत म्हणाली, “मलाही एक सांगायचे आहे. हिवाळ्यात मिलानला पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. माझे वर्ग सहाला सुटतात. त्या महिन्यांत रात्रीचे जेवण मला टाळता येत नाही. आईला हे सांगितलेले नाही.”

उपदेशाची वाक्ये माझ्या ओठांवर तयार होती. पण अज्ञानाने का होईना, ज्याची स्वतःची वही इतकी वर्षे चुकीची होती, त्याने कोणत्या तोंडाने बोलावे? मी एवढेच म्हणालो, “बाळ, तोटा लपवून शिल्लक दाखवणाऱ्या ताळेबंदापेक्षा तोटा दाखवणारा खरा ताळेबंद बरा. सुट्टीच्या दिवशी जमते का?”

“रविवारी पाळते,” ती म्हणाली.

बिल आले. त्यात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबल व पाव यांचा आकार, लावला होता. सवयीने मी बेरीज तपासली. ती बरोबर होती. बाहेर आलो तेव्हा चौकातल्या उंच मनोऱ्याच्या टोकावर अजून ऊन होते.

घरी परतल्यावर सूनबाईंनी विचारले, “काय खाते ती?” मी म्हणालो, “ते ती स्वतः तुला सांगणार आहे. मी काय खात होतो, ते आधी ऐक.”