धीर कुठे, घाई कुठे

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे. पालकसभेत एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, पोरं नुसती खेळत्यात. शिकवता कवा?" त्या आयांचंही खरंच आहे. गावातून रोज केजीची व्हॅन जाते. तिच्यातली मुलं एबीसीडी गिरवून वह्या भरतात आणि आमची मुलं चिंचोके मोजतात, कागद फाडतात, माती मळतात.

केंद्र सरकारने २०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी त्यात १३ ध्येयं आहेत आणि प्रत्येकाखाली क्षमता दिल्या आहेत. पण ती भाषा सभेत वाचून दाखवण्याजोगी नाही. म्हणून मी सभा पोरांसकट घेते.

एका सभेत एक आई कौतुकाने म्हणाली, "आमच्या बाळाला शंभरपर्यंत येतंय." चार वर्षांच्या त्या पोराने एका दमात शंभर गाठलेही. मग मी सतरंजीवर चिंचोके ओतले आणि सगळ्याच मुलांना म्हटलं, "मला पाच-पाच द्या बघू." शंभरवाल्याने मूठभर आणून दिले. एरवी गप्प असणाऱ्या एका मुलीने मात्र एकेकावर बोट ठेवत नेमके पाच काढले.

त्या आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अहो, त्याला अंक पाठ झालेत, ते कामाचंच आहे. आता एक अंक, एक वस्तू ही जोडी लागायची आहे. नव्याण्णवपर्यंत मोजणं आराखड्यात आठ वर्षांपर्यंत गाठायचं आहे."

मागून एक आजी म्हणाल्या, "मंग चार वर्सं हायत की हाताशी! घाई कुनाला झालीया?"

तिथून सभा सोपी झाली. जेवायला बसताना माणसं मोजून तेवढ्या वाट्या मांडायला लावा, मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या. बोटांत बळ आलं की पेन्सिल धरता येते, असं सांगितलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक लावू नये, असं आराखडाच म्हणतो, हेही सांगितलं. हे काही दिल्लीहून आलेलं नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बिया, पानं, शिंपले हीच साधनं मुलांच्या हाती दिली होती.

पण प्रत्येक वेळी धीर धरून चालत नाही. तीन वर्षांचा एक मुलगा दोन शब्दही जोडत नव्हता. घरचे म्हणायचे, "त्याचा बापबी उशिराच बोलला." त्या वयाची मुलं साधारण काय बोलतात, हे मी त्याच्या आईला बाकीच्या मुलांशी गप्पा मारून दाखवलं. तिने स्वतः ऐकलं आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा त्याला सगळ्यांत पुढे बसवलं. पुढच्या तपासणीत त्याला कमी ऐकू येतं, असं निघालं. आता त्याच्या कानाला यंत्र आहे.

वयाचे हे टप्पे मी पालकांना दोन्ही कामांसाठी सांगते : शंभरच्या घाईत असलेल्या आईला थांबवायला आणि 'बोलेल हळूहळू' म्हणणाऱ्या घराला हलवायला.