गळाविना पहिली सहल

लांब लवचीक काठी, वजनदार दोरी आणि टोकाला पिसांची कृत्रिम माशी घेऊन सहकुटुंब डोंगरी नद्यांवर जाण्याची पाश्चात्त्य देशांत जुनी रीत आहे. आपल्या घरातील मुलांनी तसा हट्ट धरला, तर वडीलधाऱ्यांनी तो मोडू नये. मात्र पहिली सहल चंद्रपूर-गडचिरोलीकडे काढावी आणि ती गळावाचून काढावी, असे आम्ही सुचवितो.

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि वैनगंगा बव्हंशी दोहोंची सीमा ठरली. चंद्रपुराहून मूलमार्गे मार्कंड्यास जावे. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी तेथे काही अंतर उत्तरवाहिनी होते. काठावरील प्राचीन देवालयांचे शिल्पवैभव वडील मंडळींनाही तृप्त करील. पुढे आलापल्लीच्या सागवनातून भामरागडास गेल्यास इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांचा संगम दिसतो. वाटेतच हेमलकसा लागते. तेथील लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून माडिया गोंडांची सेवा करीत आहे.

काळ हिवाळ्याचा निवडावा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद पडते. वैनगंगेवर वरच्या अंगास गोसीखुर्दचे धरण आहे. पाणी सोडल्याची वर्दी गावात विचारल्यावाचून पात्रात उतरू नये. हिवतापाचा प्रदेश असल्याने मच्छरदाणी विसरू नये, आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी परतावे. रान वाघाचे आहे.

आता काठीविषयी. या विद्येत वजन माशीत नसून दोरीत असते. दोरी मागे फेकावी, ती पाठीमागे सरळ होईतो क्षणभर थांबावे, मग पुढे सोडावी. सारे कौशल्य त्या थांबण्यात आहे. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून घरच्या अंगणात आठ दिवस सराव करावा आणि तीच लोकर नदीवर न्यावी. डोळा वा कान दुखावण्याची भीती तेणेकरून राहत नाही.

परंतु गळ वर्ज्य करण्याचे आमचे खरे कारण निराळे आहे. खावयाचा नाही तो मासा केवळ मौजेखातर का टोचावा, हा घरातील आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाण्यात परत सोडला तरी त्याला झालेली इजा खोटी ठरत नाही. शिवाय ज्याला आपण खेळ म्हणतो, तो तेथील ढिवर व गोंड कुटुंबांच्या ताटातील घास आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व इतर जलोत्पन्नावरील गावाचा हक्क मान्य केला आहे, आणि २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क मिळाले. तेव्हा कोणत्याही पाण्यापाशी गेल्यावर प्रथम गावकऱ्यांस विचारावे; अभयारण्यात तर मासेमारीचा विचारही करू नये.

ढिवराचे जाळे हवेत गोल उघडून पाण्यावर कसे पडते, हे मुलांनी काठावर बसून पाहावे. पुढे गळ धरावयाचा की नाही, याचा निर्णय त्यांनी ते पाहिल्यानंतरच करावा.